चंबळेवर पक्षी बघायचे तर आधी वाळू बघा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून पहाटे सव्वापाचला निघालात, तर मुरैना ओलांडून चंबळेवरच्या राजघाटाला उजाडता उजाडता पोचता. राष्ट्रीय चंबळ अभयारण्य तीन राज्यांत पसरलंय, पण आपला मुरैन्याकडचा काठ दक्षिणेचा. त्यामुळे थंडीत ऊन पाठीशी राहतं आणि समोरच्या पक्ष्याचा रंग खरा दिसतो.

चक्रवाक बदकं आणि पट्टकदंब हंस हवे असतील तर डिसेंबर-जानेवारी गाठा. मला विचाराल तर मार्चची सुरुवात. चक्रवाक अजून रेंगाळत असतात आणि पाणचिरे वाळूवर जमू लागतात.

दुर्बीण लावून आधी पात्रातले वाळूचे टापू, म्हणजे बेटं, नीट चाळा. सगळे पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसलेले दिसतील. राखाडी पाठ, काळी टोपी, पिवळी चोच म्हणजे नदी सुरय. काळी पाठ आणि जाड नारिंगी चोच दिसली की तिथेच थांबा, तो पाणचिरा. त्याची खालची चोच वरचीपेक्षा लांब असते. ती पाण्यात बुडवून तो अगदी पृष्ठभागालगत उडतो, पाण्यावर सरळ रेघ उमटते आणि चोचीला मासा लागला की ती झटकन मिटते. हे एकदा तरी डोळ्यांनी बघाच. जगभरात हा पक्षी संकटात आहे आणि आपल्या घरापासून दीड तासावर तो अंडी घालतो, याचं मला फार अप्रूप आहे.

मग बीहडाच्या, म्हणजे नदीकाठच्या घळींच्या, मातीच्या कड्यांकडे वळा. तिथल्या बिळांत मैना आणि कवड्या खंड्या घरटी करतात. काठावर निश्चल पडलेलं लाकूड पुन्हा एकदा तपासा, बहुधा घडियाल, म्हणजे लांब तोंडाची सुसर, निघेल.

मार्चअखेरपासून मात्र टापूवर पाय ठेवायचा नाही. अंडी उघड्या वाळूत, नुसत्या खळग्यात असतात आणि रंगानं वाळूत मिसळून जातात. पक्षी उठला की तापलेल्या वाळूत ती भाजून निघतात. पाणी उतरून टापू काठाला जोडला गेला की कुत्री आणि गुरंही तिथे पोचतात, वाळूउपशाचा त्रास वेगळाच. त्यात आपली भर नको. बोटीत बसतानाच सांगून ठेवा, “भैया, टापू से दूर रखना, फोटो नहीं चाहिए.” पक्षी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागले, तर आपण फार जवळ आलोय, लगेच मागे फिरा.