काळ्या मातीत हिवाळी भाजीपाला: परसबागेची पेरणी आणि लागवड

मराठवाड्यात घरामागची माती बहुतेक ठिकाणी काळी आणि भारी असते. परतीचा पाऊस थांबला म्हणून लगेच कुदळ घेऊ नका. मूठभर माती दाबून गोळा करा. अंगठ्याने दाबल्यावर तो फुटला तर वाफसा आला, म्हणजे माती खणण्याजोगी झाली. हाताला चिकटत असेल तर अजून दोन-तीन दिवस थांबा. ओल्यात खणलेल्या मातीची ढेकळं वाळून इतकी टणक होतात की बारीक बी त्यातून वर येत नाही.

वाफा १ मीटर रुंद आणि १५ सेंमी उंच करा. दर चौरस मीटरला २ ते ३ किलो पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. गाजर-मुळ्याच्या वाफ्यात कच्चं खत अजिबात नको, मुळांना फाटे फुटतात.

कोथिंबिरीसाठी धने रगडून दोन डाळी करा, रात्रभर भिजवा आणि सावलीत सुकवून १.५ सेंमी खोल पेरा. उगवायला ८ ते १५ दिवस लागतात, मेथीला चार-पाच. खरी अडचण पेरल्यानंतर येते: पाणी जोरात पडलं की काळ्या मातीवर पापुद्रा धरतो आणि कोंब खालीच वळतो. म्हणून ओळीवर माती न ओढता चाळलेलं शेणखत पसरा आणि बारीक झारीनेच पाणी द्या. मेथी, पालक, शेपू सगळं एकदम पेरू नका. दर पंधरा दिवसांनी एकेक ओळ टाकली की भाजी टप्प्याटप्प्याने मिळते.

गाजराची विरळणी बहुतेक जण टाळतात. कोवळी रोपं उपटायला जीव होत नाही हे खरं, पण दोन रोपांत ५ ते ७ सेंमी अंतर नसेल तर नुसता पालाच हाती लागतो.

लसूण ऑक्टोबरातच लावा. गड्ड्याच्या बाहेरच्या जाड पाकळ्या न सोलता, टोक वर ठेवून, २-३ सेंमी खोल टोचा; दोन ओळींत १५ आणि दोन पाकळ्यांत १० सेंमी अंतर ठेवा. उशिरा लावलेल्या लसणाला पुरेसा पाला धरायच्या आत ऊन तापतं आणि गड्डे बारीक राहतात. कांद्याची रोपं डिसेंबरात, सहा-सात आठवड्यांची असताना लावा. जून झालेल्या, जाड रोपांना डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात.

ओळींमधून सोयाबीनचं भुसकट अंथरा, ओल टिकते. वाटाण्यावर भुरी या बुरशीजन्य रोगाचे पांढरे ठिपके दिसताच पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन फवारा, मात्र भर उन्हात नाही. मावा ही रस शोषणारी बारीक कीड पानाच्या खालच्या बाजूला असते. तिथे ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी मारा.