गोव्याच्या रंगमंचावरून मराठी मालिकेत: जाण्याआधी काय करायचं, गेल्यावर काय सांभाळायचं

कला अकादमीच्या स्पर्धेत दोन-तीन नाटकं केलेली, जत्रेच्या मोसमात देवळासमोरच्या मंचावर रात्री जागवलेली मुलगी मालिकेत काम करायचं म्हणते, तेव्हा घरचे पहिल्यांदा विचारतात, "मुंबईला राहणार कुठे?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याची वेळ नंतर येते. निवडीची पहिली फेरी आता बहुतेक वेळा फोनवर पाठवलेल्या व्हिडिओवर होते. तो व्हिडिओ फोंड्यातल्या किंवा साखळीतल्या घरात बसून चांगला करता येतो. आधी खोली भाड्याने घेऊन मग ऑडिशन शोधणाऱ्या मुलींचे साठवलेले पैसे पहिलं काम मिळण्याआधीच संपतात. म्हणून तयारी इथेच करा. प्रत्यक्ष ऑडिशनला किंवा लूक टेस्टला, म्हणजे भूमिकेच्या वेशात कशी दिसते ते पाहायला बोलावलं, की संध्याकाळची कोकणकन्या पकडून पहाटे ठाण्याला उतरता येतं.

२०२१च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं, तेव्हा बऱ्याच मराठी मालिका गोव्यात आल्या होत्या. मे महिन्याच्या सुरुवातीला इथलीही परवानगी रद्द झाली आणि युनिटं निघून गेली. मालिकेचं रोजचं काम गोरेगाव, मढ, मीरा रोड, ठाण्याचा घोडबंदर रस्ता या पट्ट्यातच चालतं. सेट आपल्या दारी येईल, या आशेवर बेत आखू नका.

फोटो आणि व्हिडिओ

फोटो आठ-दहा पुरेत. दोन जवळचे चेहऱ्याचे, एक हसरा आणि एक न हसता. दोन्ही बाजू. कमरेपर्यंतचा एक, पूर्ण उंचीचा एक. साडी, कुर्ता आणि जीन्स, तिन्ही यायला हवं. लग्नातला मेकअप, फिल्टर, समुद्रावर उडणारी ओढणी हे सगळं टाळा. निवड करणाऱ्याला फक्त चेहरा कसा आहे आणि वय किती वाटतं एवढंच पाहायचं असतं. केस कापले, वजन बदललं की फोटो नवे काढा. फोटोतली मुलगी आणि दारात उभी राहिलेली मुलगी वेगळी दिसली, तर ती ऑडिशन तिथेच संपते.

व्हिडिओसाठी फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, स्टँडवर. पाच-सहा फुटांवर उभं राहायचं. मागे पांढरट किंवा फिकट राखाडी मोकळी भिंत. उजेड समोरच्या खिडकीतून हवा. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळवंडतो. सकाळी नऊ ते अकरा ही वेळ चांगली. पावसाळ्यात पत्र्यावरचा किंवा कौलांवरचा आवाज संवाद गिळून टाकतो, म्हणून स्लॅबखालची खोली निवडा आणि पंखा बंद करा. कॉलरला लावायचा साधा माइक असेल तर आवाजात मोठा फरक पडतो.

आधी इंट्रो: नाव, वय, उंची, सध्याचं गाव, येणाऱ्या भाषा, सध्या कुठलं काम चालू आहे. ही लेन्समध्ये पाहून सांगायची, मग दोन्ही बाजू वळून दाखवायच्या. प्रसंग करताना मात्र लेन्समध्ये पाहायचं नाही. समोरच्याचे संवाद वाचणाऱ्याला फोनच्या अगदी शेजारी उभं करा आणि त्याच्याकडे पाहा. तो माइकच्या जवळ असतो, म्हणून त्याला हळू वाचायला सांगा, नाहीतर त्याचाच आवाज मोठा येतो. दोन टेक पाठवा, पण ते खरोखर वेगळे हवेत: एकात राग बाहेर येऊ द्या, दुसऱ्यात तोच राग गिळा. फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि डोळ्यांतलं काहीच दिसत नाही.

एक गोष्ट स्पष्ट लक्षात ठेवा. खरं कास्टिंग पैसे मागत नाही. नोंदणी, कार्ड, "चॅनेलची डिपॉझिट", ठरावीक फोटोग्राफरकडूनच पोर्टफोलिओ, यातलं काहीही मागितलं की बोलणं थांबवा. मेसेज कुणाचाही आला तरी प्रॉडक्शन हाउसच्या कार्यालयात फोन करून खात्री करा. हॉटेलच्या खोलीतल्या ऑडिशनला जायचं नाही.

भाषा

इथल्या मुलींना नाकारण्याचं कारण बरेचदा "भाषेला हेल आहे" एवढंच सांगतात, आणि नेमकं काय सुधारायचं ते कुणी सांगत नाही. तीन जागा तपासा. पहिली, नाकातले स्वर. कोंकणीत आपण "घरांत" म्हणतो, तेच मराठीच्या "घरात", "हातात" या शब्दांत नकळत येतं. दुसरी, "आम्ही" आणि "आपण". कोंकणीत दोन्हीला "आमी" चालतं, म्हणून ऐकणारालाही सोबत न्यायचं असताना तोंडात "आम्ही जाऊया" येतं. मराठीत तिथे "आपण"च हवं. तिसरी, वाक्याच्या शेवटी वर जाणारा सूर. पाठ केलेल्या संवादात हे लपतं, पण दिग्दर्शक म्हणाला, "आता तुझ्या शब्दांत कर," की लगेच "गो", "जनेल", "कदेल" बाहेर पडतात.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. रोज पंधरा मिनिटं वर्तमानपत्रातला मजकूर मोठ्याने वाचा आणि ध्वनिमुद्रण ऐका. नंतर तोच मजकूर न वाचता, मैत्रिणीला सांगावा तसा सांगा आणि तेही ऐका. चुका दुसऱ्या भागात सापडतात. कोंकणी पुसून टाकायची नाही, ती भूमिकेत कामाला येते. पण मालवणी ही वेगळी बोली आहे. ती येत नसेल तर फॉर्मवर लिहू नका.

आवाज आणि चेहरा लहान करणं

रवींद्र भवनात शेवटच्या रांगेपर्यंत, देवळाच्या प्रांगणात तर त्याही पलीकडे आवाज पोचवायची सवय असते. मालिकेत माइक कपड्याखाली, तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाशी बोलाल तेवढाच आवाज लागतो. इथे मुली आवाज कमी करताना जोरही घालवतात आणि संवाद मेल्यासारखा येतो. आवाज खाली आणा, व्यंजनं मात्र तितकीच ठाशीव ठेवा.

चेहऱ्यासाठी फोनमध्ये कपाळापासून गळ्यापर्यंतची चौकट धरून एक प्रसंग मुद्रित करा आणि आवाज बंद करून पाहा. भुवया प्रत्येक शब्दाला उडतात का? मान हलते का? वाक्याच्या ऐन टोकाला पापणी मिटते का? जवळच्या शॉटमध्ये मिटलेली पापणी म्हणजे वाया गेलेलं वाक्य. दोन आठवडे हे रोज केलं तर फरक स्वतःलाच दिसतो.

सेटवरचा दिवस

अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटं चित्रीकरण लागतं, आणि आठवड्याला सहा भाग जातात. म्हणजे रोज जवळजवळ एक भाग उरकायचा. शिफ्ट बारा तासांची सांगतात. मेकअप, केस आणि प्रवास धरला तर दिवस पंधरा तासांचा होतो.

सीन हातात त्याच सकाळी पडतो, कधी केस विंचरताना. नाटकासारखं शब्दन् शब्द घोकायला गेलात तर फसाल, कारण क्रिएटिव्ह, म्हणजे कथा-संवादांवर लक्ष ठेवणारा माणूस, येऊन दोन ओळी बदलतो आणि घोकलेली साखळी तुटते. आधी सीन एकदा फक्त अर्थासाठी वाचा: हिला समोरच्याकडून काय हवंय? मग समोरच्याच्या वाक्याचा शेवटचा शब्द, म्हणजे क्यू, अधोरेखित करा. नावं, नाती, तारखा, रकमा तेवढ्या पक्क्या करा. सहकलाकाराबरोबर मेकअप खोलीतच दोनदा म्हणून घ्या. हे पाठांतर दोन तास टिकलं तरी पुरतं.

आधी मास्टर, म्हणजे सगळे दिसतील असा शॉट, आणि मग एकेकाचे क्लोज, म्हणजे चेहऱ्याचे जवळचे शॉट. मास्टरमध्ये ज्या शब्दावर पेला ठेवलात, क्लोजमध्येही त्याच शब्दावर ठेवायचा, नाहीतर संकलनात तुमचा चांगला शॉट टाकावा लागतो. म्हणून मास्टरमध्ये हातवारे कमीच ठेवा. रडायचा प्रसंग असेल तर सगळं पाणी मास्टरमध्ये ओतू नका. तुमचा क्लोज कितवा आहे ते दिग्दर्शकाला आधी विचारा. शेवटचा असेल तर पुढे घेता येईल का, हे नम्रपणे विचारायला हरकत नसते.

ग्लिसरीन डोळ्यात घालायचं नसतं. खालच्या पापणीखाली अगदी पुसट लावतात. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर आधी काढा. आठवड्यातून चार दिवस रडणाऱ्या भूमिकेत डोळे लाल राहतात, तेव्हा नेत्रतज्ज्ञाला दाखवा. मेकअपदादाच्या पेटीतले थेंब वापरू नका.

कंटिन्युइटीची, म्हणजे एका सीनमधून दुसऱ्यात कपडे-दागिने तेच राहावेत यासाठीची, वही स्वतःची ठेवा, सहायक कितीही हुशार असला तरी. भाग क्रमांक, सीन क्रमांक, साडी, ब्लाउज, टिकली, मंगळसूत्र आत की बाहेर, कुठल्या हातात किती बांगड्या, भांग, खांद्यावरची पर्स. सोबत फोनवर एक फोटो. एकाच भागातले सीन तीन वेगवेगळ्या दिवशी होतात. दारातून आत येताना उजव्या हातात सहा बांगड्या आणि खोलीत चार, हे प्रेक्षकाला दिसतंच.

शरीराबद्दल दोन गोष्टी. जड साडी, लांबचं स्वच्छतागृह या कारणाने मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि दोन-तीन महिन्यांत मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवून घेतात. दर दोन शॉट्समध्ये पाणी प्या, आणि जायचं असेल तेव्हा सांगून जा. दुसरी, दुपारचं जेवण. घरच्या शीत-कडीची सवय असते, पण पोटभर भातानंतरचा तीनचा सीन डोळ्यांत झोप घेऊन येतो. दुपारी निम्मं खा, पाच वाजता पुन्हा थोडं.

सेट हीसुद्धा कामाची जागा आहे. २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. समितीत कोण आहे, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

करार आणि पैसे

मानधन बहुधा दिवसावर ठरतं आणि नव्वद दिवसांनी येतं. जानेवारीत काम सुरू केलंत, तर जानेवारीचं बिल फेब्रुवारीच्या सुरुवातीला जातं आणि पैसे मे महिन्याच्या आसपास दिसतात. तोपर्यंतचं भाडं, जेवण, रिक्षा सगळं खिशातून. म्हणून घराची अनामत वेगळी ठेवून चार-पाच महिन्यांचा खर्च हाताशी नसेल, तर होकार देण्याआधी घरच्यांशी नीट हिशोब मांडा. एकटीने घर घेण्यापेक्षा सेटजवळच्या घरात तिघींनी राहणं परवडतं.

दिवसाचा दर मोठा दिसतो, पण महिन्याला किमान किती दिवस हे करारात आहे का ते पाहा. समजा दर ४,००० आहे आणि तोंडी वीस दिवस सांगितले. कथेचा ट्रॅक दुसऱ्या पात्राकडे गेला आणि तुम्हाला सहाच दिवस बोलावलं, तर ८०,००० ऐवजी २४,००० हातात येतात, आणि करारामुळे दुसऱ्या मालिकेत जाताही येत नाही. किमान दिवस, नोटिशीचा काळ, येण्याजाण्याचा खर्च, कपडे कुणाचे, रात्री उशिरा पॅकअप झाल्यावर गाडी, हे पाच मुद्दे लेखी घ्या. रोजची आत-बाहेरची वेळ वहीत लिहा, बिलावरून वाद झाला की तीच वही उपयोगी पडते. बिलातून १० टक्के टीडीएस कापला जातो. विवरणपत्र भरलं नाही तर परत मिळण्यासारखी रक्कमही तिथेच अडकते. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर जायला लागली की जीएसटीसाठी सनदी लेखापालाला भेटा.

गोव्यातल्या मुलींनी आणखी दोन कलमं मागावीत. एक, नाटकाची मुभा. नाहीतर जत्रेच्या नाटकाला दिलेला शब्द मोडावा लागतो. दुसरं, चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. सणाचे विशेष भाग नेमके त्याच सुमारास लागतात, म्हणून "चवथीला घरी जाईन" हे आयत्या वेळी सांगून चालत नाही. दोन महिने आधी ईपीला, म्हणजे कार्यकारी निर्मात्याला, लेखी कळवा आणि भागांची बँक, म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेले भाग, आहे का ते विचारा. बँक असेल तर सुट्टी मिळते, नसेल तर मिळत नाही.

मालिका वळते तेव्हा

टीआरपीचे आकडे गुरुवारी येतात आणि शुक्रवारपासून कथा बदलू शकते. पात्र परदेशी जातं, मरतं, किंवा लीप येऊन, म्हणजे कथा काही वर्षं पुढे उडी मारून, पंचविशीतली मुलगी कॉलेजात जाणाऱ्या मुलाची आई होते. आईची भूमिका घ्यायची की थांबायचं, हे आधीच ठरवून ठेवा, कारण सेटवर विचार करायला फक्त एक दिवस मिळतो. घेतलीत तर पुढची दोन-तीन वर्षं त्याच वयाच्या भूमिका विचारल्या जातील. गोव्याच्याच वर्षा उसगांवकर सिनेमातली नायिका म्हणून नाव झाल्यावर कितीतरी वर्षांनी मालिकेत ज्येष्ठ भूमिकेत आल्या. तो निर्णय त्या टप्प्यावर शोभतो, पंचविशीत त्याची किंमत वेगळी पडते.

मालिका बंद होणार हे कधीकधी पंधरा दिवस आधीच कळतं. त्या पंधरा दिवसांत थकलेल्या बिलांची यादी ईपीकडून मेलवर मान्य करून घ्या, कारण सेट मोडला की माणसं पांगतात. तुमचे तीन चांगले प्रसंग, एक शांत, एक भांडणाचा, एक हलकाफुलका, शोरीलसाठी, म्हणजे पुढच्या कामासाठी दाखवायच्या छोट्या व्हिडिओसाठी, भाग क्रमांकासह मागून घ्या. ॲपवरून जुने भाग कधी काढले जातील सांगता येत नाही. वापरलेल्या कपड्यांपैकी स्वतःचे कुठले, ते कॉस्च्युमदादासमोर मोजून घ्या.