भाषण रेकॉर्ड करण्याआधीची तयारी

वर्गासाठी भाषणाचा व्हिडिओ करून द्यायचा असेल तर सुरुवात वर्गाच्या सूचनांपासून. वेळेची मर्यादा किती, पूर्ण शरीर दिसायला हवं की कमरेपर्यंत चालेल, समोर श्रोते लागतात का, व्हिडिओ सलग हवा का, हे नीट वाचून घ्या. सलग मागितला असेल तर अडखळलात तरी थांबायचं नाही, म्हणून सरावही न थांबता, घड्याळ लावूनच करा.

फोन आडवा, ट्रायपॉडवर, लेन्स डोळ्यांच्या उंचीला. फोन टेबलावर टेकवून ठेवला की तो खालून बघतो आणि चेहऱ्याऐवजी हनुवटीच जास्त दिसते. मागचा कॅमेरा वापरा आणि लेन्स मऊ कापडाने पुसा. बोटांचा तेलकट ठसा राहिला तर सगळं चित्र धुरकट येतं. साधारण 2 मीटरवर उभं राहिलं की डोक्यापासून गुडघ्यापर्यंत माणूस मावतो. हात पसरून बघा, बोटं चौकटीबाहेर जाता कामा नयेत. उभं राहायच्या जागी जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा. खिडकी तुमच्या समोर हवी. पाठीमागे असली तर चेहरा काळा पडतो.

सगळ्यात जास्त रेकॉर्डिंग वाया जातात ती आवाजामुळे. 2 मीटरवरचा फोन तुमच्या आवाजाइतकाच खोलीचा घुमारा आणि पंख्याची घरघरही टिपतो. पंखा बंद करा, उजेडाची समोरची खिडकी सोडून बाकीचे पडदे ओढा, मोकळ्या भिंतीपुढे जाड चादर टांगा. कॉलर माइक असेल तर हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर लावा. साखळी किंवा ओढणी त्याला घासली की दर हालचालीला खरखर येते, आणि ती नंतर धड काढता येत नाही.

फोन पूर्ण चार्ज करून एअरप्लेन मोडवर टाका, मधेच फोन आला तर रेकॉर्डिंग तुटू शकतं. 1080पी दर्जाला 10 मिनिटांसाठी दीड जीबीपर्यंत जागा लागू शकते. दोन-तीन प्रयत्न होणारच, तेव्हा 5 जीबी तरी रिकामी ठेवा. चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि प्रकाश लॉक करा, नाहीतर तुम्ही हललात की चित्र उजळतं-मंदावतं.

आता 30 सेकंदांची चाचणी. भाषणातलं सर्वांत मोठ्या आवाजातलं वाक्य आणि सर्वांत हळू वाक्य, दोन्ही बोला आणि इअरफोन लावून ऐका. मोठं वाक्य फाटत असेल तर माइक थोडा खाली सरकवा. हळू वाक्य पुटपुटल्यासारखं येत असेल तर तेच भाषणात जोर देऊन म्हणा.