उष्टावणाच्या वाटीएवढे जेवण: वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष

स्लीव्हची, म्हणजे जठर कापून लहान करण्याची, शस्त्रक्रिया करून घरी आले त्या संध्याकाळी मी कपाटातून मुलीच्या उष्टावणाची चांदीची वाटी आणि तिचा इवलासा चमचा काढून घेतला. आमच्या रोजच्या स्टीलच्या वाटीत साधारण दीडशे मिलिलिटर वरण मावते, या वाटीत जेमतेम साठ. आणि पहिले काही आठवडे तेवढे संपवायलाही मला अर्धा तास लागत असे. शस्त्रक्रिया दीड-दोन तासांत उरकते, पण ताटात आधी काय घ्यायचे, घास किती वेळ चावायचा, पाणी केव्हा प्यायचे आणि हात कुठे थांबवायचा, हे लहान मुलासारखे पहिल्यापासून शिकावे लागते. ते कसे शिकावे, हे मराठी घरातले जेवण डोळ्यांसमोर ठेवून येथे लिहिले आहे. तुमचे सर्जन आणि आहारतज्ज्ञ यांनी काही वेगळे सांगितले असेल, तर त्यांचेच ऐकावे.

आपल्या पोटात नेमके काय बदलले आहे, हे आधी समजून घ्यावे. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होत असल्यामुळे पहिले काही महिने भूक जवळजवळ लागतच नाही. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे जठराच्या (गॅस्ट्रिक) बायपासमध्ये, जठराच्या वरच्या बाजूला साधारण 30 मिलिलिटरची लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे अन्न तर कमी जातेच, शिवाय लोह, कॅल्शियम आणि ब-12 यांचे शोषणही घटते. आपली शस्त्रक्रिया यांपैकी कोणती, हे घरातल्या निदान एका माणसाला नीट ठाऊक असलेच पाहिजे.

पहिले दोन महिने

बहुतेक रुग्णालये पहिले एक-दोन दिवस पाणी आणि गाळलेले कढण यांसारखे नितळ पातळ पदार्थच देतात. त्यानंतर साधारण दोन आठवडे ताक, बिनसाखरेचे दूध, वरणाची निवळ आणि पाण्यात किंवा दुधात कालवलेली प्रोटीन पावडर चालते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेले गुळगुळीत अन्न येते, पाचव्यापासून मऊ शिजवलेले, आणि सहा ते आठ आठवड्यांनंतर हळूहळू नेहमीचे जेवण सुरू होते. आठवड्यांचा हिशेब प्रत्येक रुग्णालयाचा थोडा वेगळा असतो. आपल्या हातात दिलेला तक्ता फ्रिजच्या दारावर लावावा आणि तोच पाळावा. तिसऱ्या आठवड्यात माणसाला एकदम बरे वाटू लागते आणि "एक घास भात खाल्ला तर काय होणार आहे" असे घरचेही म्हणू लागतात, परंतु आतली शिवण त्या वेळी भरत असते आणि तिला वेळ देण्यासाठीच हे टप्पे आखलेले असतात.

मिक्सरच्या टप्प्यात आपली स्वयंपाकघरे फार उपयोगी पडतात. मुगाची डाळ आणि दुधी एकत्र मऊ शिजवून, हिंग-जिऱ्याची अगदी कमी तेलातली फोडणी देऊन, मिक्सरमधून काढून गाळले की चवीला उत्तम लागते आणि पोटालाही हलके पडते. मिरची आणि मसाला काही आठवडे बाजूला ठेवावा. एका वेळी एकच नवा पदार्थ द्यावा, म्हणजे काय मानवले नाही हे लगेच कळते.

घन अन्न सुरू झाल्यावर सगळ्यांत जास्त त्रास देते ती मऊ घडीची पोळी, हे मला माहीत नव्हते. सातव्या आठवड्यात मी पोळीचा सुपारीएवढा तुकडा वरणात बुडवून खाल्ला आणि दोनच मिनिटांत छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखे दडपण आले, तोंडात फेसाळ लाळ भरून येऊ लागली आणि नाकातून पाणी वाहू लागले. घास खाली ढकलावा म्हणून मी पाणी प्यायले. ती चूक होती, कारण पाण्याला खाली जायला वाट नव्हती आणि ते उलटून आले. अशा वेळी खाणे तिथेच थांबवावे, पाणी पिऊ नये, उठून घरातल्या घरात सावकाश फेऱ्या माराव्यात आणि लाळ गिळण्याऐवजी थुंकून टाकावी. बहुधा थोड्या वेळात घास सरकतो. पोळी, पाव आणि मोकळा भात यांचे चावल्यानंतरही गोळे होतात, म्हणून ते सर्वांत शेवटी सुरू करावेत. मला स्वतःला ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून पोळीच्या कितीतरी आधी मानवली.

ताटाचा क्रम

आपले ताट भात आणि पोळी यांच्याभोवती मांडलेले असते. वरण, उसळ, मासा हे त्यांना लावून खायचे पदार्थ असतात. शस्त्रक्रियेनंतर हा क्रम उलटा करावा लागतो, आणि माझ्या मते पहिल्या वर्षात शिकायची सगळ्यांत मोठी गोष्ट हीच आहे. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत, कारण ती कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आणि वाटीभर जागेत आधी भात भरला तर प्रथिनांना जागाच उरत नाही. म्हणून आधी डाळ, पनीर, अंडे, मासा किंवा कोंबडी, मग भाजी, आणि जागा उरलीच तर दोन घास भात किंवा भाकरी, असे जेवावे.

60 ग्रॅम म्हणजे किती, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात, 100 मिलिलिटर दुधात 3 ग्रॅमच्या आसपास, 50 ग्रॅम पनीरमध्ये 9, शिजवलेल्या दाट वरणाच्या लहान वाटीत 5 आणि 60 ग्रॅम माशात साधारण 12. हे सगळे एका दिवसात खाल्ले तरी 35 ग्रॅमच होतात. उरलेली कसर भरून काढायला पहिल्या वर्षी प्रोटीन पावडर लागते. तिच्या एका मापात बहुधा 20 ते 25 ग्रॅम असतात, आणि ती घेण्यात कमीपणा वाटून घेण्याचे काहीच कारण नाही. शाकाहारी घरांत ताज्या दह्याचा चक्का, पनीर, टोफू आणि मिक्सरमधून काढलेली मोड आलेल्या मुगाची उसळ यांवर भर द्यावा. नुसत्या पातळ वरणावर भिस्त ठेवली तर केस आणि ताकद दोन्ही जातात.

जेवण वीस ते तीस मिनिटांत करावे आणि प्रत्येक घास तोंडात पातळ होईपर्यंत चावावा. चमचा तोंडात गेला की ताटलीवर ठेवून द्यावा आणि घास गिळल्यावरच पुन्हा उचलावा. ही एक युक्ती मला इतर कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त उपयोगी पडली. पोट भरल्याची खूण पूर्वीसारखी येत नाही. कुणाला उचकी लागते, कुणाला शिंक येते, कुणाच्या नाकातून पाणी येते, कुणाला बरगडीखाली हलका दाब जाणवतो. आपली खूण कोणती, हे पहिल्या महिन्यातच ओळखून ठेवावे आणि ती आली की उरलेला अर्धा चमचाही घेऊ नये. पानात काही टाकू नये या संस्कारात वाढलेल्या माझ्या पिढीला हे फार जड जाते. त्यावर उपाय एवढाच की मुळातच कमी वाढून घ्यावे.

पाणी जेवताना पिऊ नये आणि जेवणानंतर अर्धा तास थांबावे, कारण ते अन्नाला घाईने पुढे ढकलते किंवा आधीच जागा अडवते. तरीही दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव पोटात जायला हवेत, आणि पूर्वीसारखा तांब्या तोंडाला लावता येत नाही. लिटरभराची बाटली सतत जवळ ठेवून दर पाच-दहा मिनिटांनी दोन-तीन घोट घेत राहणे हाच मार्ग आहे. लघवी गडद पिवळी होऊ लागली, उठताना चक्कर येऊ लागली, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. सोडा आणि फसफसणारी पेये टाळावीत.

गोड, कुरकुरीत आणि सणवार

बायपास झालेल्यांना गोड खाल्ल्यावर डम्पिंगचा त्रास होऊ शकतो. स्लीव्ह झालेल्यांनाही कधीकधी होतो. साखर लहान आतड्यात एकदम उतरल्यामुळे दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब होतात, किंवा एक ते तीन तासांनी रक्तातली साखर घसरून हातपाय थरथरतात. गणपतीत एक उकडीचा मोदक, पाडव्याला दोन चमचे श्रीखंड एवढ्यानेही हे होऊ शकते. नैवेद्याचा मान राखायचा असेल तर जेवणानंतर नखाएवढा तुकडा तोंडात ठेवावा. रिकाम्या पोटी गोड कधीही घेऊ नये.

चकली, शेव, चिवडा यांची गोष्ट उलटी आहे. ते त्रास देत नाहीत, आणि खरी अडचण तीच आहे. कुरकुरीत पदार्थ चावून बारीक होतात, चहाच्या घोटाबरोबर सहज सरकतात, पोट भरल्याची खूण येत नाही आणि बशीभर चिवडा नकळत संपतो. वर्ष-दीड वर्षानंतर ज्यांचे वजन पुन्हा चढते, त्यांच्या घरात मला बहुधा हीच बशी दिसली आहे.

पहिल्या वर्षात उपवास करू नये. साबुदाण्यात जवळजवळ सगळा पिष्टच असतो, प्रथिने नगण्य. आणि दिवसभर उपाशी राहून रात्री एकदम सोडलेला उपवास लहान पोटाला पेलत नाही. घरातल्या मोठ्यांना हे शस्त्रक्रियेच्या आधीच सांगून ठेवले, तर श्रावणात वाद होत नाहीत.

पंगतीतल्या आग्रहाचा मात्र विचार करून ठेवावा लागतो. मी मावशीला, नणंदेला सरळ सांगते की पोटाचे ऑपरेशन झाले आहे आणि डॉक्टरांनी थोडेच खायला सांगितले आहे. बाकीच्यांना "चवीपुरते घेतले आहे, छान झाले आहे" एवढे पुरते. "अगं, किती वाळलीस, आजारी होतीस का?" हा प्रश्न सहा महिन्यांच्या सुमारास प्रत्येक लग्नात येतो. तो विचारणाऱ्यांच्या पोटी माया असते, पण उत्तर देणाऱ्याला त्याचा थकवा येतो. सगळ्यांना सगळे सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही.

गोळ्या आणि तपासण्या

जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात. बरे वाटते म्हणून दुसऱ्या वर्षी त्या बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. ब-12 आणि लोह यांची कमतरता हळूहळू वाढते आणि मुंग्या, धाप, थकवा दिसू लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. सर्वसाधारणपणे मल्टिव्हिटॅमिन, ब-12, ड जीवनसत्त्व, लोह आणि दिवसाला 1200 ते 1500 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. नेमके प्रमाण डॉक्टर ठरवतात. कॅल्शियम एका वेळी 500 ते 600 मिलिग्रॅमच शोषले जाते, म्हणून ते विभागून घ्यावे. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवावे आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा घेऊ नये. थायरॉईडची गोळी असेल तर तिच्यात आणि या दोहोंत चार तास हवेत. माझे वेळापत्रक असे आहे: सकाळी सहाला थायरॉईडची गोळी, अकराला लिंबूपाण्याबरोबर लोह, दुपारी दोनला आणि संध्याकाळी सहाला कॅल्शियम, रात्रीच्या जेवणानंतर मल्टिव्हिटॅमिन. मोबाइलमध्ये पाच गजर लावले आहेत.

मधुमेह आणि रक्तदाब यांच्या औषधांचे प्रमाण पहिल्या आठवड्यांतच कमी करावे लागू शकते, म्हणून घरी साखर आणि रक्तदाब मोजून डॉक्टरांना कळवत राहावे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत, विशेषतः बायपासनंतर, कारण जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. तंबाखू, सिगारेट आणि अनेक घरांत सांगितलीही न जाणारी मिश्री यांनीही हाच धोका वाढतो, तेव्हा मिश्रीची सवय डॉक्टरांपासून लपवू नये. दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते. गर्भधारणा 12 ते 18 महिने पुढे ढकलावी. वजन उतरताना प्रजननक्षमता वाढते आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांशी आधीच बोलावे.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. कंगव्यात गुंता पाहून मन खचते, पण प्रथिने आणि लोह पुरेसे असेल तर ते बहुधा पुन्हा येतात. वजनाचा काटा मध्येच दोन-तीन आठवडे हलत नाही, तेही नेहमीचेच आहे. आठवड्यातून एकदाच वजन करावे. चालणे पहिल्या दिवसापासून सुरू ठेवावे, पण गॅसचा सिलिंडर, पाण्याची कळशी किंवा कडेवरचे मूल चार ते सहा आठवडे उचलू नये. रक्ताच्या तपासण्या तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात आणि त्यानंतर दरवर्षी कराव्यात.

काही लक्षणे दिसली तर वाट पाहू नये. पहिल्या आठवड्यांत ताप, धडधड, पोटात वाढत जाणारी कळ, खांद्यात दुखणे, धाप किंवा एका पोटरीला सूज आली, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. पुढे केव्हाही दोन-तीन दिवस उलट्या थांबल्या नाहीत, तर ब-1 म्हणजे थायामिन झपाट्याने संपते आणि मेंदूला इजा होऊ शकते. गावच्या दवाखान्यात अशा वेळी लगेच ग्लुकोजची सलाईन लावतात, आणि थायामिनशिवाय दिलेल्या ग्लुकोजने हा धोका वाढतो. म्हणून मी पर्समध्ये एक कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवला आहे. त्यावर शस्त्रक्रियेचे नाव, तारीख आणि सर्जनचा फोन नंबर आहे, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले आहे: "ग्लुकोजआधी थायामिन द्यावे. नाकातून नळी सर्जनला विचारल्याशिवाय घालू नये. डायक्लोफिनॅक देऊ नये." त्याचीच एक प्रत यजमानांच्या पाकिटात आहे.