कॉलेजात अदबीने बोलायला शिकवायचं कसं

"इस्लाममध्ये नीट बोलायला सांगितलंय" असं लेक्चर देऊ नका, पोरं मान डोलावतात आणि बाहेर पडल्या पडल्या एकमेकांची उतरवतात. ती रोज जे बोलतात, टाइप करतात तेच वर्गात घ्या.

सुरुवात कुरआनातल्या सूरह ताहापासून करा (20:44, म्हणजे विसावी सूरह, चौवेचाळिसावी आयत). हजरत मूसा आणि हजरत हारून या पैगंबरांना फिरऔनकडे, म्हणजे इजिप्तच्या जुलमी राजाकडे, पाठवताना अल्लाहचा हुकूम काय, तर त्याच्याशी नरमाईने बोला. फिरऔनशी! मग विचारा, सेमिनारमध्ये मुद्दा पटला नाही म्हणून "काहीही बोलतोय हा" कशाला म्हणावं लागतं? पण नरमाई म्हणजे गप्प बसणं नाही हे लगेच सांगा, कारण पुढच्याच काही आयतींत (20:47) बनी इसराईलला (हजरत मूसांच्या लोकांना) आमच्यासोबत जाऊ दे, त्यांना छळू नकोस, असं त्याला तोंडावर सांगायचाही हुकूम आहे. हे राहिलं तर अदब म्हणजे सरांच्या हो ला हो असा अर्थ निघतो, आणि काही सरांना तो सोयीचाही वाटतो, असो.

मग फळ्यावर एक मेसेज लिहा: "सर मार्क कमी का दिले, परत चेक करा." तो पोरांनाच बदलायला लावा. दोन-तीनदा खाडाखोड झाली की साधारण असं काहीतरी येतं: "अस्सलामु अलैकुम सर, तिसऱ्या प्रश्नात मार्क कमी वाटतायत, कुठे चुकलं ते बघायचंय, कधी येऊ?" तक्रार तीच, फक्त आता सरांना उत्तर देता येतं. आणि सलामचं उत्तर तसंच किंवा त्याहून चांगलं द्या असं सूरह निसात आहे (4:86), म्हणजे नुसता अंगठा पाठवणाऱ्या सरांनीही जरा बघावं. वर्गात इतर धर्मांची मुलं असतील तर त्यांनी त्यांच्या पद्धतीने नमस्कार-चमत्कार करावा, सलामची सक्ती केली की सगळंच फिसकटतं.

टिंगल आणि टोपणनावांसाठी सूरह हुजुरात (49:11) आहेच, एकमेकांची टिंगल करू नका, वाईट नावांनी हाका मारू नका असं तिथे सांगितलंय. फक्त वर्गात चालणारी खरी नावं मोठ्याने वदवून घेऊ नका, ज्याला चिडवतात त्याचीच परत शोभा होते. काय बोललेलं लागतं ते निनावी चिठ्ठीवर लिहून घ्या.

अदबीचे वेगळे मार्क ठेवू नका, नाटकं सुरू होतात. प्रेझेंटेशनच्या मार्कांतच एक गोष्ट तपासा: विरोध करण्याआधी समोरच्याचा मुद्दा त्याला "हो, हेच म्हणत होतो" वाटेल असा मांडला का.