दृष्टांताची वही कशी ठेवायची, एका फ्रेंच प्रवचनकाराच्या पद्धतीनं

सप्ताहात नव्यानं उभं राहणाऱ्या पोरांचं अभंगाचं पाठांतर चांगलं असतं, चाली पण बसलेल्या असतात, पण निरूपणात दृष्टांत द्यायची वेळ आली की तोच यूट्यूबवरचा, जो कालच्या महाराजांनी पण सांगितलेला. म्हणून स्वतःची वही पाहिजेच. ती ठेवावी तर एत्येन द बुर्बोंसारखी. हा लियों शहरातला, डोमिनिकन नावाच्या ख्रिस्ती संघातला भिक्षू, गावोगाव फिरून प्रवचनं करायचा, 1261 च्या सुमारास वारला, म्हणजे आपल्या पैठणला चक्रधर स्वामी दृष्टांत देत होते त्याच शतकातला माणूस.

आधी, गोष्ट कुणाकडून आली ते लिहा. एत्येन नोंदवायचा की ही ग्रंथात वाचली, ही अमक्याच्या तोंडून ऐकली, ही स्वतः पाहिली. तुम्ही पण लिहा, आजीनं सांगितली, एसटीत ऐकली, पोथीत सापडली.

मग विषयवार पानं पाडा. त्यानं ख्रिस्ती धर्मात पवित्र आत्म्याच्या, म्हणजे देवाच्याच, सात देणग्या मानतात त्या धरून भाग केले, पाचव्यातच काम राहिलं तरी जवळपास 3000 गोष्टी जमल्या! आपण नामस्मरण, लोभ, संतसंग, आईबाप, व्यसन असं करायचं आणि मधे भरपूर कोरी पानं सोडायची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे न पटलेली गोष्ट पण लिहायची. लियोंच्या उत्तरेला दोंब भागात बाया आजारी लेकरं घेऊन ग्विनफोर नावाच्या संताकडं जायच्या, एत्येननं चौकशी केली तर संत म्हणजे कुत्रा निघाला. पाळण्यातल्या बाळाला त्यानं सापापासून वाचवलं, तोंडाला रक्त बघून मालकानं त्यालाच तलवारीनं मारलं, बाळ सुखरूप दिसलं तेव्हा कळलं. आपली ब्राह्मणी आणि मुंगसाचीच गोष्ट की! एत्येनला ही भक्ती बिलकुल मान्य नव्हती, त्यानं हाडं उकरून जाळायला लावली, झाडं तोडायला लावली, आणि त्या मायांचा विचार केला की मला ते फार लागतं. पण विहिरीत टाकलेला कुत्रा, वर रचलेले दगड, झुडपांवर टांगलेली लेकरांची दुपटी, हे सगळं त्यानंच बारकाईनं लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला माहीत आहे.

शेवटचं, प्रत्येक गोष्टीसमोर लागू पडणारं अभंगाचं चरण लिहा, आणि कोणत्या गावात कधी सांगितली ते पण, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच मंडपात तीच गोष्ट परत होत नाही.