पद्मिनीचं हेड गॅस्केट पुन्हा पुन्हा उडतंय? या चुका टाळा

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतून प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी गेली. या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, सवयीने उतरवणारे मिस्त्रीही आता शोधावे लागतात. त्यामुळे ज्यांच्या दारात ही गाडी अजून उभी आहे, त्यांतले बरेच जण स्वतःच पाना हातात घेतात. आमच्या घरच्या गाडीचं हेड गॅस्केट (हेड आणि खालच्या ब्लॉकमधली फट बंद ठेवणारा पातळ थर) एकाच उन्हाळ्यात दोनदा उडालं, आणि दोन्ही वेळा दोष गॅस्केटचा नव्हता.

या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला खालचा भाग, बिडाचा, तर हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे गाडी तापली आणि गार झाली की हेड ब्लॉकवर किंचित सरकतं, आणि ते घासणं मधलं गॅस्केट सोसतं. त्यात एकदा पाणी आटून इंजिन बेसुमार तापलं की हेड वाकतं. हा बाक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

आम्ही तिथेच चुकलो. पहिल्यांदा जुनं काढलं, पुसलं, नवं बसवलं. सहाशे किलोमीटरमध्ये रेडिएटरात पुन्हा बुडबुडे, म्हणजे गॅस्केटमधून सिलिंडरातला वायू पाण्यात शिरत होता. दुसऱ्यांदा पोलादी सरळपट्टी हेडवर उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर धरून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवलं. दोन आणि तीन नंबर सिलिंडरच्या मध्ये ०.१५ मिमीचं पातं सहज आत गेलं. ०.०५ च्या वर पातं गेलं तर मी हेड फेसिंगला, म्हणजे मशीनवर घासून सपाट करायला, देतो. तिथेही सपाट होईल तेवढंच काढायला सांगा. जास्त घासलं की कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) वाढतं, आणि पुढच्या खेपेला घासायला धातू उरत नाही.

गरम इंजिनावर नट सोडले तरीही हेड वाकतं. गाडी रात्रभर गार होऊ द्या. मग कडेपासून मधल्या नटांकडे, एकेका वेळी पाव फेरा सोडत या. हेड चिकटलं असेल तर फटीत स्क्रूड्रायव्हर घालू नका, त्याचा ओरखडा पुढे गळतीची वाट होतो. लाकडी ठोकळा धरून कडेने हलके ठोके द्या.

जुन्या गॅस्केटांत तांब्याच्या पत्र्यामध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो. ते कोरडं खरवडू नका, ओलं करा; ती धूळ फुप्फुसांसाठी घातक आहे. बोल्टच्या बंद भोकांत तेल किंवा पाणी साचलेलं असेल तर तेही काढा. बोल्ट आवळताना त्या पाण्याला पळायला जागा नसते, आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

फियाटच्या काही गॅस्केटांवर रोमन अक्षरांत ‘आल्तो’ असा इटालियन शब्द ठोकलेला असतो. त्याचा अर्थ ‘वर’. ती बाजू हेडकडे. शब्द नसेल तर गॅस्केट ब्लॉकवर ठेवून प्रत्येक भोक जुळवून बघा. आणि शेलॅक (चिकट सीलर) थापू नका. रॉकरकडे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांकडे, तेल नेणारं भोक बारीक असतं, ते बुजलं की रॉकर कोरडे चालतात.

आवळताना मधून सुरुवात करून गोल गोल बाहेर, निदान तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणारा पाना). आकडा याच इंजिनाच्या मॅन्युअलमधला. आट्या गंजलेल्या असतील तर पाना ‘झालं’ म्हणतो, पण सगळा जोर घर्षणात गेलेला असतो आणि गॅस्केट सैलच राहतं.

काम इथे संपलं असं बहुतेकांना वाटतं. पण जुन्या पद्धतीचं गॅस्केट पहिल्या तापण्यात दबतं. इंजिन पूर्ण तापवा, रात्रभर गार करा, त्याच क्रमाने नट पुन्हा ओढा, पाचशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. दर वेळी टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, सेट करा. गॅस्केट दबलं की हेड खाली येतं, टॅपेटची फट कमी होते, आणि व्हॉल्व्ह नीट न मिटता जळतो.

एवढं करूनही बिघाड आला, तर खुणा अशा वाचा. शेजारच्या दोन सिलिंडरांत कॉम्प्रेशन सारखंच कमी असेल तर गॅस्केट त्यांच्या मधून गेलंय. तेल दुधाळ झालं असेल तर पाणी आत शिरतंय, गाडी चालवू नका, बेअरिंग जातील.

आमच्याकडे मूळ दुखणं रेडिएटरचं निघालं. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलेलं, खालच्या निम्म्या नळ्या क्षारांनी बुजलेल्या. शिवाय कुणीतरी आधीच थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारी झडप) काढून टाकलेला. नळ्या साफ करून घेतल्या, थर्मोस्टॅट परत बसवला, कूलंट भरलं, आणि मगच तिसरं गॅस्केट आणायला गेलो.